अनुदान कुणाच्या नावावर?

भोसरीच्या एमआयडीसीत एका मध्यम आकाराच्या कारखान्याचे हिशेब मी सव्वीस वर्षं सांभाळले. पगारपत्रक, पीएफ (भविष्यनिर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) यांची चलानं, किरकोळ खर्चाची व्हाउचरं, हे माझं जग. २००८ साली आमचे पीएफ कन्सल्टंट एक परिपत्रक घेऊन आले. १ एप्रिलनंतर जो अपंग कामगार नव्याने घ्याल, त्याच्या पीएफ-ईएसआयमधला मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षं केंद्र सरकार भरणार होतं. पगार महिना पंचवीस हजारांच्या आत हवा, एवढी अट. मालकांनी मला आकडा काढायला सांगितला. ज्या पगारापर्यंत पीएफ मोजला जातो ती वेतनमर्यादा तेव्हा ६,५०० रुपये होती. तिच्यावर १२ टक्के, म्हणजे माणशी महिन्याला ७८० रुपये. ईएसआयचे आणखी थोडे. मी कागद समोर ठेवला. त्यांनी तो नीट वाचला आणि विचारलं, "हे ठीक आहे. पण तो माणूस जिना कसा चढणार?"

आमचं कँटीन पहिल्या मजल्यावर होतं आणि कामगारांची स्वच्छतागृहंही तिथेच. प्रश्न कुत्सितपणे विचारलेला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि परिपत्रकात त्याचं उत्तर कुठेही नव्हतं. कागद फाइलला लागला.

दिव्यांगांच्या रोजगारासाठी सरकारने पैसा खर्च करावा की नाही, हा माझ्या दृष्टीने वादाचा मुद्दाच नाही. करावा, आणि आजच्यापेक्षा कितीतरी जास्त करावा. वाद आहे तो पैसा कुणाच्या नावावर आणि कशासाठी द्यायचा याचा. नोकरी देण्याबद्दल मालकाला सूट म्हणून दिलेलं अनुदान पडून राहतं, हे मी माझ्या टेबलावर पाहिलं आहे. तोच पैसा कामगाराच्या नावावर, त्याला कामावर पोचायला, काम करायला आणि कामावर टिकायला जे लागतं त्यासाठी दिला, तर नोकरी उभी राहते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पण ते मी आकड्यांनी आणि पाहिलेल्या माणसांनी मांडतो.

ती योजना काही लहानसहान नव्हती. २००७-०८ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी ती जाहीर केली, तेव्हा वर्षाला सुमारे एक लाख नोकऱ्या हे उद्दिष्ट होतं आणि अकराव्या पंचवार्षिक योजनेसाठी १,८०० कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला होता. प्रतिसाद अगदीच तोकडा राहिला. पुढे २०१६ मध्ये अटी सैल केल्या गेल्या. पगाराची मर्यादा उठली, तीन वर्षांची मुदत दहा वर्षांवर गेली. औषध लागू पडेना म्हणून मात्रा वाढवली, पण औषध बदलावं का, याचा विचार झाला नाही.

आज पीएफची मर्यादा १५,००० रुपये आहे. १२ टक्क्यांनी महिन्याला १,८०० रुपये होतात. दुसरीकडे १ ऑगस्ट २०२५ पासून प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना सुरू झाली आहे. तिच्यात नव्याने घेतलेल्या कामगाराचा पगार दहा ते वीस हजारांच्या दरम्यान असेल तर मालकाला महिन्याला २,००० रुपये मिळतात, वीस हजारांच्या वर असेल तर ३,०००. कारखानदारीला हे चार वर्षं मिळणार आहे. इथे कामगार दिव्यांग असण्याची गरज नाही. धडधाकट माणूस घेतला तरी पैसे मिळतात. मग दिव्यांग उमेदवाराच्या पारड्यात पीएफच्या परताव्याने किती वजन पडणार? कुठल्याही लहान कारखान्यातल्या हिशेबनिसाला विचारा, तो बोटांवर मोजून सांगेल.

मुळात मालकाची भीती पगाराच्या रकमेची नसतेच. मी त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं मुलाखतींना बसलो आहे. मशीनवर अपघात झाला तर? हा रोज वेळेवर पोचेल का? याला समजावून कोण सांगणार? सुपरवायझर तयार होईल का? या प्रश्नांची उत्तरं पैशांनी देता येतात, पण तो पैसा जिन्यावर, वाहनावर, मशीनवरच्या इशाऱ्याच्या दिव्यावर, सांकेतिक भाषेच्या दुभाष्यावर खर्च व्हावा लागतो. पीएफच्या चलानात वजा दाखवलेल्या रकमेने त्यातला एकही प्रश्न सुटत नाही.

२०११ साली तरीही एक मुलगा आमच्याकडे लागला. खेड तालुक्यातला, बी.कॉम. झालेला, एक पाय पोलिओने बारीक राहिलेला. कॅलिपर लावून, कुबडी घेऊन चालायचा. स्टोअरमध्ये माल आला-गेला याच्या नोंदी ठेवायच्या, बिनकार्ड (साठ्याचं नोंदपत्रक) आणि चलान जुळवायचं, असं काम. स्टोअर तळमजल्यावर होतं, म्हणून त्याला घेतलं. कामाला इतका चोख की तीन वर्षांचा स्टॉकचा घोळ त्याने दोन महिन्यांत निस्तरला. मला त्याचा फार आधार वाटायला लागला होता.

कंपनीच्या बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच. तो बस सोडून सिक्स-सीटरने यायचा, दोनदा बदलून. स्वच्छतागृह वरच्या मजल्यावर आणि देशी पद्धतीचं. त्याच्यावर त्याने काढलेला उपाय मला फार उशिरा कळला. तो सकाळपासून पाणीच प्यायचा नाही. आठ तासांची पाळी, वर दोन तासांचा प्रवास, आणि घशाखाली घोटभर पाणी नाही. पाचव्या महिन्यात त्याला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, पंधरा दिवस रजा पडली, आणि मग त्याने राजीनामा पाठवला. शेवटचा हिशेब मीच केला. सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात "वैयक्तिक" असं मीच लिहिलं. ते खोटं होतं, आणि मला तेव्हाही ते माहीत होतं.

त्याच्यासाठी आम्ही सरकारचं अनुदान मागितलं नाही. पाच महिन्यांचे पीएफचे ३,९०० रुपये झाले असते, त्यासाठी कागद रंगवायला कुणाला वेळ नव्हता. पण तो पूर्ण तीन वर्षं राहिला असता तर सरकार आम्हाला थेंबाथेंबाने २८,०८० रुपये देणार होतं. त्या काळी तेवढ्यात तळमजल्यावर एक कमोड बसला असता, हाताने धरायला भिंतीला दोन दांडे लागले असते, आणि शिवाय काही पैसे उरले असते. उरलेल्यात त्याच्या जुन्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं लावून झाली असती. सरकारने द्यायला काढलेली रक्कम पुरेशी होती. ती चुकीच्या खात्यात, चुकीच्या वेळी जाणार होती. नोकरी टिकवण्यासाठी पैसा पहिल्या आठवड्यात लागतो, तो छत्तीस हप्त्यांत येऊन काही उपयोग नाही.

आता देशाचा आकडा पाहू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१८ च्या जुलै ते डिसेंबरमध्ये ७६ व्या फेरीत दिव्यांगांची पाहणी केली. पंधरा वर्षांवरच्या दिव्यांगांपैकी २३.८ टक्के श्रमशक्तीत होते, म्हणजे काम करत होते किंवा शोधत होते. प्रत्यक्ष काम करणारे २२.८ टक्के. बेरोजगारीचा दर निघाला ४.२ टक्के. हा शेवटचा आकडा एकटाच कुणाच्या समोर आला तर तो समाधानाने मान डोलावेल. पण त्याचा अर्थ भयंकर आहे. शंभरांतले शहात्तर जण काम शोधतच नाहीत. यात म्हातारी माणसं बरीच आहेत हे मान्य. वयाबरोबर नजर, ऐकणं, गुडघे जातात. तरीही तरण्याताठ्या माणसांनी शोध सोडून दिल्याशिवाय आकडा इतका खाली येत नाही. आमच्या स्टोअरमधला तो मुलगा राजीनाम्यानंतर कुठल्याच बेरोजगारांच्या यादीत सापडला नसता. तो घरी बसला होता.

त्याच पाहणीत प्रमाणपत्र असलेले दिव्यांग फक्त २८.८ टक्के निघाले. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. यातल्या बहुतेकांकडे सरकारच्या दारात उभं राहायला लागणारा पहिला कागदच नव्हता. अनुदानाची चर्चा त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच थांबते.

दुसरी गोष्ट मालक सांगत नाहीत, कामगाराच्या घरात सांगतात. त्या मुलाला नेमणुकीचं पत्र दिलं तेव्हा त्याची आई सोबत आली होती. पत्र हातात घेऊन तिने मला विचारलं, "दादा, याची निराधारची पेन्शन बंद होणार. पुढं नोकरी सुटली तर ती पुन्हा चालू होईल ना?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. गुळमुळीतच दिलं असणार.

तिचा प्रश्न आजही तितकाच खरा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. महिन्याला सव्वाचार हजारही होत नाहीत. २०२५ मध्ये राज्य सरकारने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये केली, हे फार चांगलं झालं. पण घरातल्या एका माणसाला कुठल्याही कारखान्यातली, दुकानातली साधी नोकरी लागली की कुटुंब त्या मर्यादेच्या बाहेर जातं. नोकरी गेल्यावर पुन्हा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा अर्ज, पुन्हा तालुक्याच्या समितीची बैठक. कंत्राटी नोकरी अकरा महिन्यांची आणि पेन्शन परत मिळवायला किती महिने ते कुणी सांगू शकत नाही, असा हिशेब असेल तर आई मुलाला काय सल्ला देईल? ती घाबरट नाही. ती हिशेबाला पक्की आहे. राज्य एका हाताने नोकरीसाठी प्रोत्साहन देतं आणि दुसऱ्या हाताने नोकरी लागताच आधार काढून घेतं. दोन्ही हात आपापल्या खात्याच्या नियमाप्रमाणे बरोबर वागत असतात, म्हणून हा गुंता कुणाच्याच टेबलावर येत नाही.

हे असंच असायला हवं का? अजिबात नाही, आणि त्याचा पुरावा आमच्याच कारखान्यात होता. प्रेस शॉपमध्ये एका कामगाराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. पिंपरी-भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं जाणं ही दुर्दैवाने नवलाची गोष्ट नाही. ईएसआयच्या मेडिकल बोर्डाने त्याची कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवलं आणि त्या प्रमाणात त्याला दरमहा कायमची भरपाई सुरू झाली. ती आयुष्यभर मिळते. तो बरा होऊन परत आला, आम्ही त्याला इन्स्पेक्शनला घेतलं, गेज लावून माल तपासायचं काम. पगारही चालू आणि ईएसआयची रक्कमही चालू. "आता तू कमावतोस, मग ही रक्कम कशाला?" असं त्याला कुणीही विचारलं नाही. कारण ती भरपाई बोटं गमावल्याबद्दल आहे, बेकार असल्याबद्दल नाही.

निराधार योजनेत मात्र अपंगत्व आणि बेकारी एकाच खुंटीला टांगलेली आहे. पोलिओ झालेल्या मुलाला रिक्षाचा खर्च नोकरी लागल्यावर वाढतो, कमी होत नाही. कॅलिपर जास्त झिजतो. अंध मुलीला ऑफिसात जायला सोबत लागते. ऐकू न येणाऱ्याला श्रवणयंत्राचे सेल जास्त लागतात. म्हणजे कमावता झालेल्या दिव्यांगाला अपंगत्वाचा जास्तीचा खर्च भागवायची गरज घरी बसलेल्यापेक्षा अधिक असते, आणि नेमकी त्याच वेळी आपण त्याची रक्कम तोडतो. किमान एवढं तरी व्हावं: नोकरी लागल्यावर दोन-तीन वर्षं रक्कम चालू राहावी, पुढे पगाराच्या प्रमाणात हळूहळू उतरावी, आणि नोकरी सुटली तर नवा अर्ज न करता आपोआप पूर्ववत व्हावी. ईएसआय-पीएफमध्ये माणूस कधी लागला आणि कधी सुटला हे सरकारच्या संगणकाला दर महिन्याला कळतंच. त्यासाठी आईने तहसीलच्या पायऱ्या चढण्याची गरज नाही.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के केलं. सरकारी नोकऱ्या कमी होत असताना या चार टक्क्यांवर किती भार टाकणार, हा वेगळा विषय. खासगी क्षेत्रासाठी कलम ३५ आहे. कामगारांपैकी किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने आणि स्थानिक संस्थांनी मालकांना प्रोत्साहन द्यावं, असं ते सांगतं. पण सुरुवातीलाच "आर्थिक क्षमता आणि विकासाच्या मर्यादेत" असे शब्द आहेत, आणि ते शब्द इतके प्रशस्त आहेत की त्यातून कुठलंही सरकार काहीही न करता सुखाने बाहेर पडू शकतं. याच कायद्यात "वाजवी सोय" ही कल्पना आहे: त्या माणसाला काम करता यावं म्हणून, मालकावर अवाजवी भार न पडता, करायचे आवश्यक बदल. माझ्या मते या कायद्याचा प्राण तिथे आहे. यूपीएससीच्या परीक्षेसाठी लेखनिक मागणाऱ्या विकाश कुमार यांच्या प्रकरणात २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केलं की अशी सोय नाकारणं हा भेदभाव आहे. पण मालकावर भार पडू नये म्हणून तो कुणी उचलायचा, हे कायदा सांगत नाही. ती मोकळी जागा भरणं हेच अनुदानाचं काम. जिथे कायदा "भार" म्हणतो तिथे सरकारने "बिल आम्हाला पाठवा" म्हणायचं.

इंग्लंडमध्ये १९९४ पासून "ॲक्सेस टू वर्क" नावाची योजना आहे. तिथे अर्ज कामगार करतो, मालक नव्हे. त्याला लागणारं उपकरण, सांकेतिक भाषेचा दुभाषी, कामावरचा मदतनीस, सार्वजनिक वाहन वापरता येत नसेल तर टॅक्सीचा खर्च, असं त्यातून मिळतं. अर्ज रखडतात म्हणून तिथले लोकही तक्रारी करतात, ती योजना स्वर्गातून उतरलेली नाही. पण पैसा माणसामागे जातो, हा तिचा पाया मला पटतो. पैसा कुठून आणायचा याचंही उत्तर जगाने शोधलं आहे. जर्मनीत वीस किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला ५ टक्के जागांवर तीव्र अपंगत्व असलेले लोक घ्यावे लागतात, नाहीतर दंडवजा रक्कम भरावी लागते. जपानमध्ये हे प्रमाण एप्रिल २०२४ मध्ये २.५ टक्के झालं आणि शंभराहून जास्त कामगार असलेल्या कंपनीला कमी पडणाऱ्या प्रत्येक माणसामागे महिन्याला ५०,००० येन भरावे लागतात. जमलेला पैसा दिव्यांगांच्या रोजगारासाठीच वापरला जातो. आपल्याकडे एवढ्या कडक कायद्याला मोठ्या कंपन्या विरोध करतील. करू द्या. पण त्यांच्या सीएसआरच्या (सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या) अहवालांत व्हीलचेअर वाटपाचे फोटो असतात, तर त्यांच्याच कारखान्याच्या दाराशी रॅम्प असावा ही अपेक्षा जास्त नाही.

आणि महाराष्ट्राला पैशासाठी जर्मनीकडे बघायचीही गरज नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा नियम इथे आधीच आहे. हा पैसा दरवर्षी येतो. मी ज्या गावात राहतो त्याच्या आजूबाजूला तो कसा जातो हे पाहत आलो आहे: मार्च जवळ आला की यादी निघते, प्रत्येकाच्या खात्यात सारखी रक्कम पडते, फोटो निघतो. कुणाला दोन हजार, कुणाला तीन. गरिबाच्या घरी तेही लागतात, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच निधीतून गावातल्या चार कामावर जाणाऱ्या दिव्यांगांसाठी एमआयडीसीपर्यंत एक नीट पायरीची गाडी ठरवली, तर वर्षभरात त्यांच्या घरात येणारा पगार त्या निधीच्या कितीतरी पट होईल. पिंपरी-चिंचवडसारख्या श्रीमंत महापालिकेला तर एमआयडीसीतल्या पाच-पन्नास लहान कारखान्यांसाठी मिळून सांकेतिक भाषेचा एक दुभाषी ठेवणं अवघड नाही. एकट्या लहान मालकाला तो परवडत नाही, आणि त्याला तो रोज लागतही नाही. महिन्यातून एक दिवस लागतो.

स्वयंरोजगाराच्या योजना मी कमी लेखत नाही. राज्यात बीजभांडवलाची योजना जुनी आहे: दीड लाखांपर्यंतचा धंदा, ८० टक्के बँकेचं कर्ज, २० टक्के किंवा जास्तीत जास्त ३०,००० अनुदान. दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे. फिरत्या दुकानासाठी विजेवरची गाडी देण्याची योजना आली. ज्याला धंद्याची आवड आहे त्याला हे जरूर मिळावं. माझी हरकत आहे ती दिव्यांग म्हटलं की झेरॉक्सचं यंत्र, पिठाची गिरणी, टपरी एवढंच डोळ्यांसमोर येण्याला. बी.कॉम. झालेल्या मुलाला टपरी का? धंद्याची जोखीम धडधाकट माणसाला झेपत नाही म्हणून तो नोकरी शोधतो, आणि ज्याच्या वाट्याला आधीच जास्त अडचणी आहेत त्याला आपण सांगतो की तू कर्ज काढ. नोकरीसाठी लागणाऱ्या आधाराची योजना नाही, म्हणून सगळे धंद्याकडे ढकलले जातात.

बोगस प्रमाणपत्रांचा मुद्दा कुणीतरी काढणारच. २०२४ मध्ये हा विषय राज्यभर गाजला आणि खऱ्या दिव्यांगांना त्याचा फार मनस्ताप झाला. ज्याला पाय नाही त्याच्याकडेही लोक संशयाने बघायला लागले. खोटं प्रमाणपत्र काढणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण लबाडी कुठे होते तेही बघा. जिथे जागा किंवा रोख रक्कम मिळते तिथे. तळमजल्यावर कमोड मिळावा, यंत्रावर दिवा मिळावा, दुभाषी मिळावा म्हणून कोण खोटा दाखला काढेल? गरजेची वस्तू किंवा सेवा देणारं अनुदान स्वतःच लबाडीला बरंचसं दूर ठेवतं. माझ्या अनुभवात मालकाच्या बाजूने होणारी फसवणूक जास्त सोपी आहे: माणूस पटावर दाखवायचा, परतावा घ्यायचा, माणूस घरी. पैसा कामगाराच्या नावावर असला तर तोही रस्ता बंद होतो.

काम माणसाच्या मापाचं करता येतं, हे खरं तर महाराष्ट्राला नव्याने शिकवावं लागू नये. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांच्याबरोबर कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं शेती करत होती, माग चालवत होती, सुतारकाम करत होती. बोटं झडलेल्या हातांनी तिथली घरं बांधली गेली. तिथलं काम त्या हातांच्या सोयीने रचलं गेलं. पण त्यासाठी त्यांना गावाबाहेर वेगळी वसाहत करावी लागली. भोसरीत, बुटीबोरीत, वाळूजमध्ये, इचलकरंजीत, चालू कारखान्याच्या आत ते व्हायला हवं, आणि तिथे त्यागी माणसाची वाट बघत बसता येणार नाही. तिथे बिल भागवणारी व्यवस्था लागते.

ती कशी असावी, याचं माझ्या मनात चित्र साधं आहे. दिव्यांग ओळखपत्राशी जोडलेलं कामाच्या आधाराचं एक खातं. नोकरीचं पत्र हातात आलं की जिल्ह्याचा एक माणूस कारखान्यात जाऊन अर्धा दिवस बसेल, कामगाराला विचारेल, सुपरवायझरला विचारेल, स्वच्छतागृह स्वतः बघेल. काय लागतं ते लिहील. पंधरा दिवसांत पैसे सुटतील. वस्तू कामगाराची, तो नोकरी बदलेल तेव्हा ती त्याच्यासोबत जाईल. कमोड, रॅम्प यांसारखं जे भिंतीला चिकटलेलं आहे त्याचा खर्च मालकाला मिळेल आणि ते पुढच्या माणसालाही उपयोगी पडेल. सहा महिन्यांनी तोच माणूस परत येईल. सगळ्यात महत्त्वाचं तेच, कारण अडचणी पहिल्या दिवशी कळत नाहीत. तो मुलगा पाणी पीत नाही हे मला चार महिने कळलं नव्हतं, आणि मी त्याच्यापासून वीस फुटांवर बसत होतो.

आमच्याकडे एक कामगार मात्र टिकला. जन्मापासून ऐकू न येणारा. तो सीएनसी मशीनवर होता. मशीन अडकलं की भोंगा वाजायचा आणि त्याला कळायचं नाही. दोनदा टूल तुटलं. सुपरवायझर म्हणाला, याला काढा. मेंटेनन्सच्या मुलाने ते ऐकलं, रविवारी पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन लाल फिरता दिवा आणला, आणि सोमवारी भोंग्याच्या तारेला जोडून दिला. भोंगा वाजला की दिवा फिरायचा. तेवढ्यावर त्या माणसाची पुढची चौदा वर्षं त्या मशीनवर गेली. हळूहळू आजूबाजूच्या पाच-सहा जणांना त्याच्या खुणा यायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यात जास्त हसणं त्याच टेबलावर असायचं.

दिव्याचं बिल माझ्याकडे आलं. मी व्हाउचर केलं, मेंटेनन्सच्या मुलाला रोख पैसे दिले. खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यावर थोडा वेळ अडलो. कामगार कल्याणात चहा-नाश्ता आणि दिवाळीची मिठाई जात होती. सुरक्षेत हेल्मेट आणि हातमोजे. अखेरीस "मशीन दुरुस्ती"मध्ये टाकला, कारण त्यासाठी दुसरं खातं नव्हतं.